पंच्याण्णववरून अठ्ठ्याण्णव: पोर्शे ९११ एससीचं इंजिन खोलून मोठं करताना

पोर्शे ९११ चं एअर-कूल्ड सहा सिलिंडरचं इंजिन मोठं करायची खोड मुळात कारखान्याचीच. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझन भागातून १९६४ मध्ये ही गाडी बाहेर पडायला लागली तेव्हा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) होता ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ६६ मिमी, क्षमता १९९१ सीसी. मग बोअर ८४ झाला, स्ट्रोक ७०.४ वर गेला, १९७३ च्या कॅरेरा आरएससाठी बोअर ९० केला आणि एससी आली तेव्हा तो ९५ वर पोचला. १९८९ नंतर हेच इंजिन ३६०० सीसीचं झालं. शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यांतलं ११८ मिमी अंतर मात्र तेच राहिलं. आराखड्यातच जागा ठेवली होती, ती थोडीथोडी वापरत गेले.

हा लेख त्यातल्या एकाच कामाबद्दल आहे. १९७८ ते १९८३ मधल्या ९११ एससीचं २९९४ सीसीचं इंजिन, त्याचे ९५ मिमीचे सिलिंडर काढून ९८ मिमीचे बसवायचे. स्ट्रोक ७०.४ मिमीच राहतो आणि क्षमता होते ३१८६ सीसी. ९११ ची इंजिनं करणाऱ्या मंडळींत त्याला ‘शॉर्ट स्ट्रोक ३.२’ म्हणतात, कारण कारखान्याच्या ३.२ कॅरेरात बोअर ९५ आणि स्ट्रोक ७४.४ मिमी आहे.

एससीच का? तिचा क्रँककेस (क्रँक ज्यात बसतो ते इंजिनाचं खालचं कवच) ॲल्युमिनियमचा आहे आणि ९८ चे सिलिंडर त्यात केस न कापता बसतात. त्याआधीच्या २.७ चा केस मॅग्नेशियमचा. तो गरम होऊन वाकतो, हेड स्टडचे (हेड केसशी आवळून धरणाऱ्या लांब दांड्यांचे) आटे केसमधून उपटून येतात, बेरिंगची घरं पुन्हा सरळ बोअर करून घ्यावी लागतात. तुमच्याकडे २.७ असेल तर आधी केस दुरुस्त करायचा, चोवीसही स्टडना आट्यांचे इन्सर्ट बसवायचे, आणि मोठं करण्याचा विचार त्यानंतर. त्या कामाचा लेख वेगळा लिहावा लागेल.

बुलेटच्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनावर हात बसलेल्यांसाठी एक खुलासा. तिथे बोअर घासला की बॅरल बोअरिंगवाल्याकडे जातं, तो ओव्हरसाइज करून देतो आणि आपण मोठा पिस्टन टाकतो. इथे तसं होत नाही. एससीचे सिलिंडर दोन जातींचे: काहींना आतून निकासिलचा, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा, पातळ थर दिलेला असतो, काही अल्युसिलचे, म्हणजे सिलिकॉन भरपूर असलेल्या ॲल्युमिनियमचे. निकासिलला बोअरिंगचं हत्यार लावलं तर तो थरच निघून जाईल. म्हणून मोठं करायचं म्हणजे सिलिंडर-पिस्टनचा सहाचा पूर्ण संच बदलायचा. यातूनच पहिला निर्णय निघतो. तुमचे निकासिलचे ९५ मापात असतील तर हलकं होन करून (आतून बारीक घासून), नव्या रिंगा टाकून ते पुन्हा चालतात आणि बरेच पैसे वाचतात. अल्युसिलचे असतील तर त्यांना नव्या रिंगा टाकायच्या फंदात मी पडत नाही. संच तसाही घ्यायचाच, मग ९५ आणि ९८ मधला फरक मोजून ठरवा.

कागदपत्रं आधी

कंटाळवाणं आहे, पण पाना हातात घेण्याआधी हे बघा. जर्मनीत इंजिनाची क्षमता बदलली तर तांत्रिक तपासणी करून गाडीच्या कागदांवर नोंद करावी लागते, आणि जुन्या गाडीची ‘एच’ नंबरप्लेट असेल तर बदल त्या काळाला शोभणारा हवा. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना धुराची चाचणी लागते. एससी त्यात येते, म्हणजे कार्ब्युरेटर लावायचा बेत तिथेच संपला. भारतात नोंदणीपत्रावरचा तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, तेव्हा आरटीओकडे आधी विचारा.

इंजिन गाडीत असतानाच विचारायचे प्रश्न

इंजिन उतरवण्याआधी ते तापवा आणि गरम तेलावरचा प्रेशर टिपून घ्या. मग सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (दाबाने भरलेल्या हवेतली किती टक्के गळते ते) मोजा. लीक-डाउन दहा टक्क्यांच्या आत असेल तर तब्येत चांगली. विसाच्या वर गेलं की आत काहीतरी घासलं किंवा फुटलं आहे. आकड्यापेक्षा हवा कुठून सुटते तो आवाज जास्त सांगतो. सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा.

मग खालची व्हॉल्व्ह कव्हरं काढा. तुटलेला हेड स्टड कित्येकदा इथेच हाती लागतो: सुटा नट किंवा स्टडचा तुकडा कव्हरमध्ये पडलेला असतो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर तापला की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतो आणि स्टडवर ताण येतो. तो ताण कमी व्हावा म्हणून पोर्शेने एक्झॉस्टच्या बाजूला डिलावार या मिश्रधातूचे स्टड घातले, जे ॲल्युमिनियमच्या बरोबरीने लांबतात. विचार बरोबर होता, पण डिलावार गंजतो, त्याला बारीक तडे जातात आणि गाडी उभ्याउभ्या एक दिवस तो तुटतो. एससीच्या या इंजिनात एक जरी तुटलेला निघाला तरी खालचे बाराही बदलायचे. मी तर तुटला नसला तरी बदलतो.

उतरवणं आणि खोलणं

बॅटरी सोडा. तेल टाकीतून आणि इंजिनाखालून असं दोन्हीकडून काढा. ड्राय सम्प, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवायची रचना असल्याने एकूण तेल तेरा लिटरच्या आसपास असतं, छोटी परात ठेवून भागत नाही. पेट्रोलच्या लाइन, तेलाचे होस, ॲक्सिलरेटरचा रॉड, क्लच केबल, स्टार्टरच्या वायरी, अर्थची पट्टी, हीटरचे पाइप, गिअर शिफ्टचा कपलर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खाली येतात, वजन अडीचशे किलोच्या घरात. खाली भक्कम जॅक लावा, चार माउंटिंग बोल्ट काढा आणि इंजिन सावकाश खाली घ्या. प्रत्येक वायरीला चिठ्ठी आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो, एवढं पाळलं की पुढे अडत नाही.

खोलताना सगळ्यात जास्त त्रास देतात एक्झॉस्टचे गंजलेले नट. जोर लावून फिरवले तर स्टड हेडमध्ये मोडतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, मग टॉर्चने नट लालसर होईपर्यंत तापवा, थोडा पुढे, थोडा मागे असं करत सोडवा. हेड स्टडही असेच. ते केसमध्ये लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा डिंक) लावून बसवलेले असतात. स्टडच्या बुडाशी केस नीट तापवल्याशिवाय फिरवलात तर ॲल्युमिनियमचे आटे स्टडबरोबर बाहेर येतील.

क्रँककेसची दोन अर्धं उघडायची की नाही, यावर वाद चालूच राहतील. एससीचा खालचा भाग टिकाऊ आहे, आणि प्रेशर उत्तम असेल तर नुसता वरचा भाग करून गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. माझं मत असं: क्षमता वाढवून इंजिन जास्त आरपीएमला फिरवणार असाल तर उघडा. चाळीस वर्षांचे रॉड बोल्ट आत ठेवून वर मोठे पिस्टन लावणं मला पटत नाही.

खालचा भाग

केस उघडल्यावर पहिलं काम स्वच्छतेचं. तेलाच्या मार्गांना बाहेरून बुच मारलेली असतात. ती ड्रिल करून काढायची, आत ब्रश घालायचा, दाबाने धुवायचं आणि आटे पाडून नवी बुच बसवायची. बुच न काढता धुतलेल्या केसमध्ये आधीच्या बेरिंगची धातूची कणी मार्गांच्या कोपऱ्यात बसून राहते, आणि नवं बेरिंग तीच खातं. पिस्टनच्या खाली तेल उडवणारे छोटे जेट असतात. सहाही मोकळे आहेत ना, आणि त्यातला व्हॉल्व्ह ठरावीक दाबालाच उघडतो ना, तेही बघा.

क्रँकला आठ मेन बेरिंग. पहिलं फ्लायव्हीलकडचं, तेच क्रँकची पुढेमागे हालचाल रोखतं. आठवं पुलीकडचं छोटं. मेन जर्नल ६० मिमीचे असतात. मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मोजा, तडे बघण्याची चाचणी करून घ्या, मापात असेल तर नुसतं पॉलिश पुरे. पुढेमागे खेळ ०.११ ते ०.१९५ मिमीच्या आत हवा. रॉडची छोटी बुश नवी घाला, रॉड वजनाने जुळवून घ्या. रॉड बोल्ट मी चांगल्या ब्रँडचे घेतो आणि टॉर्कवर न विसंबता बोल्ट किती ताणला ते मोजून कसतो. कुठल्याही बोल्टचा आकडा त्याच्या बनवणाऱ्याच्या कागदावरचाच घ्या, जुन्या पुस्तिकेतला कारखान्याच्या बोल्टचा नव्हे.

केस बंद करताना वेळेशी शर्यत असते, कारण सीलंट लागला की ठरावीक मिनिटांत सगळं कसून व्हावं लागतं. म्हणून आधी सीलंट न लावता एकदा पूर्ण जोडून बघा. दोन्ही टायमिंग चेन मधल्या शाफ्टवर चढवल्या का? तेलाचा पंप आणि त्याचा जोड जागेवर का? आठव्या बेरिंगची ओ-रिंग आणि त्याची पिन? चेन बाहेर राहून केस बंद झाला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं, आणि असं होऊन गेलेली गॅरेजं थोडीथोडकी नाहीत. मग लॉकटाइट ५७४ किंवा त्याच तोडीचा सीलंट रोलरने पातळ लावायचा, थ्रू-बोल्टच्या (केसच्या आरपार जाणाऱ्या बोल्टच्या) दोन्ही टोकांना ओ-रिंग, आणि मधून बाहेर जात टप्प्याटप्प्याने ३५ न्यूटन-मीटर. कडेचे आठ मिमीचे नट साधारण २३. नऊ बोल्टांचं फ्लायव्हील ९० न्यूटन-मीटरवर. आपल्या वर्षाच्या पुस्तिकेशी हे आकडे एकदा ताडून घ्या.

मोजमाप: खरं काम इथे आहे

९८ चे सिलिंडर केसमध्ये बसवायला दुपार पुरते. पण बसवण्याआधीचं मोजमाप नीट करायचं तर त्याला कित्येक पट वेळ लागतो, आणि इंजिन दहा वर्षं चालणार की दहा महिन्यांत पिस्टन फुटणार हे तिथेच ठरतं.

आधी कॉम्प्रेशन रेशो. संचाच्या खोक्यावर ९.५ किंवा ९.८ छापलेलं असतं, ते बनवणाऱ्याने धरलेल्या हेडचं. तुमचं हेड कधीतरी घासून घेतलेलं असेल, व्हॉल्व्ह सीट खोल गेल्या असतील. म्हणून स्वतः मोजायचं. बोअर ९.८ सेंमी, स्ट्रोक ७.०४ सेंमी, म्हणजे एका सिलिंडरची क्षमता ५३१ सीसी. पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा तीन मापांवरून निघते:

– हेडमधल्या खोलगट भागाची क्षमता. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं ठेवा, वर भोक पाडलेली जाड ॲक्रिलिकची काच ग्रीस लावून चिकटवा आणि ब्युरेटमधून रंगवलेलं रॉकेल सोडून किती मावतं ते बघा.
– पिस्टनच्या घुमटाची क्षमता. सिलिंडरमध्ये पिस्टनची सपाट कड वरून बरोबर २० मिमी खाली ठेवा, कडेला ग्रीस फासा, तीच काच वर ठेवून भरा. घुमट नसता तर तिथे १५०.९ सीसी मावलं असतं. जेवढं कमी मावलं तेवढा घुमट.
– डेक, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यातली फट. पिस्टनवर गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंना सोल्डरची मऊ तार ठेवा, हेड कसून क्रँक फिरवा आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजा.

समजा, हेड ९० सीसीचं निघालं, घुमट ३५ सीसीचा आणि डेक १ मिमी. डेकची क्षमता ७.५ सीसी. उरलेली जागा ९० अधिक ७.५ वजा ३५, म्हणजे ६२.५ सीसी. रेशो येतो ५३१ अधिक ६२.५ भागिले ६२.५, म्हणजे साडेनऊ. आता सिलिंडरखाली ०.२५ मिमी जाड तांब्याचं पॅकिंग जास्तीचं घाला. उरलेली जागा जवळपास १.९ सीसीने वाढते आणि रेशो ९.२५ वर येतो. पाव मिलिमीटरला पाव अंक, हा हिशेब लक्षात ठेवला की पॅकिंगची जाडी निवडणं सोपं होतं.

डेक मात्र १ मिमीच्या खाली नेऊ नका. रेशो वाढवण्यासाठी हेड आणि पिस्टन एकमेकांना भिडवण्यात शहाणपण नाही, जास्त आरपीएमला रॉड ताणून लांबतो.

रेशो किती ठेवायचा? कारखान्याने १९८१ नंतरच्या युरोपीय एससीत ९.८ दिला होता, चांगल्या पेट्रोलवर. ९८ मिमीच्या रुंद घुमटावर ठिणगी एकाच कडेच्या प्लगने पडते, आग पलीकडे पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पलीकडचं मिश्रण आपोआप पेटू शकतं, त्यालाच आपण ‘नॉकिंग’ म्हणतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ते लवकर मारतं. एका प्लगवर साडेनऊच्या पुढे मी जात नाही. त्याहून जास्त हवं असेल तर हेडमध्ये दुसऱ्या प्लगचं भोक पाडून घ्या आणि दोन ठिणग्यांची इग्निशन लावा. भारतात पंपावरच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आधी बघा. ९१ ऑक्टेनवर साडेनऊसुद्धा धाडसाचं आहे.

याच वेळी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजा. हलक्या स्प्रिंगा लावा, कॅम खऱ्या टायमिंगवर बसवा आणि ओव्हरलॅपच्या, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात त्या क्षणाच्या, आसपास क्रँक थोडाथोडा फिरवत प्रत्येक ठिकाणी व्हॉल्व्ह बोटाने दाबून डायल गेजवर बघा. इनटेकला किमान १.५ मिमी, एक्झॉस्टला किमान २ मिमी. मुलांची खेळायची क्ले पिस्टनवर चिकटवूनही मोजता येतं, पण एकदा क्ले लावली की ती पुसून काढण्यातच वेळ जातो.

हेड आणि कॅम

हेडचं काम बाहेर द्या, आणि पोर्शेची हेडं रोज करणाऱ्याकडेच द्या. गाइड नवे, सीट कटिंग, स्प्रिंगांची ताकद मोजलेली. एक्झॉस्ट गाइड लवकर ढिले होतात. व्हॉल्व्ह डगमगला तर नवी सीटही टिकत नाही. १९७८-७९ च्या एससीत इनटेक पोर्ट ३९ मिमीचे होते, नंतर ३४ मिमीचे झाले. आपली हेडं कोणती हे कॅम निवडण्याआधी माहीत हवं.

कॅमबद्दल उत्साह आवरा. एससीवरची बॉशची के-जेट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा आत येणारी हवा एका हलत्या चकतीने मोजते. जास्त ओव्हरलॅपचा कॅम घातला की मंद चालीत हवेचे धक्के उलटे येतात, चकती थरथरते, मिश्रण बिघडतं. म्हणून तीच यंत्रणा ठेवणार असाल तर ९६४ च्या (१९८९ नंतरच्या ३६०० सीसीच्या ९११ च्या) आकाराचा कॅम घासून घ्या. ओव्हरलॅप माफक, उघडझाप थोडी जास्त, आणि रस्त्यावर मजा पुरेशी. कार्ब्युरेटर किंवा स्वतंत्र थ्रॉटल लावणार असाल तरच जुन्या ९११ एसचा किंवा त्याहून तीव्र कॅमचा विचार करा. पिस्टनचा घुमटही त्या कॅमशी जुळणारा घ्यावा लागतो, म्हणून यंत्रणा, कॅम आणि पिस्टन एकाच बैठकीत ठरवा.

सिलिंडर बसवणं

सिलिंडरच्या बुडाशी त्रिकोणात ५ किंवा ६ असा आकडा असतो, तो त्याच्या उंचीचा गट. एका बाजूचे तीनही एकाच गटाचे हवेत, नाहीतर वरचं कॅम हाउसिंग सपाट बसत नाही. रिंगेची फट प्रत्येक सिलिंडरमध्ये रिंग ढकलून फिलर गेजने मोजा. ढोबळ हिशेब बोअरच्या दर पंचवीस मिमीला ०.१, म्हणजे ९८ ला ०.४ मिमीच्या जवळपास. अंतिम आकडा पिस्टनवाल्याचा. फटी एका रेषेत येऊ देऊ नका.

गजनपिनचे सर्क्लिप लावताना केसची सगळी तोंडं चिंध्यांनी बंद करा. एक क्लिप आत पडली की संध्याकाळ गेली. दोन सिलिंडरांच्या मध्ये बसणाऱ्या, हवा वळवणाऱ्या पत्र्यांना विसरू नका. ते नसले तर पंख्याची हवा सिलिंडरच्या फिनांमधून न जाता मोकळ्या वाटेने निघून जाते, आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असताना तिसरा सिलिंडर भाजत राहतो. हेडचे नट दोन टप्प्यांत ३२ न्यूटन-मीटर. कॅम हाउसिंग कसताना दर वेळी कॅम हाताने फिरवून बघा. अडला की थांबा, सोडा, पुन्हा बसवा. रॉकर शाफ्ट १८ न्यूटन-मीटर, आणि त्यांच्या खाचांत रबरी सील घातले की तेलाची कायमची गळती थांबते.

एससीचे मूळ चेन टेन्शनर बंद प्रकारचे असतात. ते मेले की चेन सैल पडते, उडी मारते, व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात. १९८४ च्या कॅरेरापासून इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले. एवढं उघडलंच आहे तर तेच बसवा, इथे काटकसर नको.

कॅम टायमिंग

नवशिक्याला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. क्रम सोडला नाही तर भिण्यासारखं काही नाही. पुलीवरची ‘झेड १’ खूण केसच्या सांध्याशी आणा आणि दोन्ही कॅमवरचे ‘९३०’ आकडे वर येतील असे कॅम ठेवा. रॉकर फक्त पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या इनटेकचे लावा, बाकी व्हॉल्व्ह बंद राहिले की आपटायचा धोका नाही. टॅपेटची फट ०.१ मिमी. तेलाने भरायच्या टेन्शनरऐवजी तात्पुरत्या स्क्रूच्या टेन्शनरने चेन ताणा.

डायल गेजचं टोक पहिल्या सिलिंडरच्या इनटेक स्प्रिंगच्या टोपीवर, थोडं दाबून, शून्यावर. क्रँक घड्याळाच्या दिशेने बरोबर एक फेरा फिरवून पुन्हा झेड १ वर आणा. गेजवर जितके मिलिमीटर दिसतात तितका व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडला आहे. हा आकडा कॅम घासणाऱ्याने दिलेल्या कागदाशी जुळला पाहिजे. नसेल जुळत तर स्प्रॉकेटची छोटी पिन काढा, क्रँक जागेवर धरून फक्त कॅम फिरवा, गेजवर हवा तो आकडा आणा. स्प्रॉकेट आणि त्यामागची फ्लँज यांच्या भोकांच्या संख्येत एकाचा फरक असतो, म्हणून कुठलं तरी एक भोक समोरासमोर येतंच. तिथे पिन घालून कसा. मग दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा मोजा. कसताना कॅम किंचित सरकतो, म्हणून पहिल्या मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही. आणखी एक फेरा, आणि चौथ्या सिलिंडरसाठी सगळं तसंच. दोन्ही बाजू ०.१ मिमीच्या आत जुळवा. आकडा मोठा म्हणजे कॅम पुढे, छोटा म्हणजे मागे.

क्रँक उलटा फिरवू नका. आणि फिरवताना कुठे टणक लागलं तर पाना तिथेच सोडा.

इंधन, हवा, तेल

के-जेट्रॉनिक ठेवली तर एअरबॉक्समध्ये पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा) बसवा. थंडीत सुरू करताना बॅकफायर झाला की मूळ प्लॅस्टिकचा बॉक्स फुटतो, हा एससीचा जुना रोग आहे. कंट्रोल प्रेशर गेज लावून तपासा, मिश्रण शेवटी एक्झॉस्टच्या मापावर बसवा. मोठं इंजिन जास्त उष्णता देतं आणि ती बरीचशी तेलात जाते. पुढच्या फेंडरमध्ये नुसती वळवलेली ‘ट्रॉम्बोन’ नळी असेल तर तिथे पंखेवाला कूलर लावून घ्या. ताकदीची अपेक्षा माफक ठेवा: ३.२ कॅरेराने युरोपात २३१ अश्वशक्ती दिली होती, त्या आकड्याच्या आसपास पोचलात तर काम उत्तम झालं समजा.

पहिला स्टार्ट

तेल म्हणून जस्त-फॉस्फरसचं प्रमाण चांगलं असलेलं खनिज २०डब्ल्यू-५० भरा, सिंथेटिक नंतर. प्लग काढा, पेट्रोल पंपाचा रिले काढा, इग्निशनच्या बॉक्सची जोडणी सोडा आणि गेजचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थांबतथांबत मारा. मग सगळं जोडून सुरू करा. सुरू झालं की आयडलवर घुटमळू देऊ नका. वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास वरखाली ठेवा, म्हणजे कॅम आणि रॉकर एकमेकांना रुळतात. कोणीतरी खाली वाकून गळती बघत राहावं.

थंड झाल्यावर तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून आत काय अडकलंय ते बघा. थोडी चमक चालते, नखाने उचलता येईल असा तुकडा चालत नाही. पहिले काही शे किलोमीटर आरपीएम सतत बदलत चालवा, चढावर भार द्या, उतारावर इंजिनाने रोखा. रिंगा दाबाखालीच बसतात. पातळी बघायची ती गरम इंजिनावर, आयडलवर, सपाट जागी. थंड इंजिनावर काठी कोरडी दिसली म्हणून तेल ओतणारे पुढे एअर क्लीनरमधून तेल पुसत बसतात. ५०० किलोमीटरला पुन्हा तेल, १५०० ला टॅपेट ०.१ मिमीवर, तेही इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, आणि त्याच वेळी लीक-डाउन पुन्हा मोजून सुरुवातीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.